मांजर नसलेल्या जागा

श्यामला करंबेळकरशी ज्याचं एकदा तरी वाजलं नाही, असा माणूस बराकपूरच्या त्या कॉलेजात शोधून सापडला नसता. प्राचार्यांशी वाजलं होतं, ग्रंथपालाशी वाजलं होतं, सायकल स्टँडवरच्या म्हाताऱ्याशी तर उठता-बसता वाजायचं. ती प्राणिशास्त्र शिकवायची. आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून कोलकात्याला आले आणि भवानीपूरला राहिले. वडील तिथेच जन्मले, तीही तिथेच. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली, कॉलेजात इंग्रजी, आणि भांडण ज्या भाषेत समोरच्याला जास्त झोंबेल त्या भाषेत. मासळीबाजारात ती भाव करायला लागली की लोक माना वळवून बघायचे. आडनाव कळलं की हसून म्हणायचे, "बर्गी! मग बरोबर." पावणेतीनशे वर्षांपूर्वी बंगालवर चालून आलेल्या मराठा घोडेस्वारांचं ते नाव, इथल्या माणसांना अजून पाठ आहे. शाळेत असताना श्यामला त्या शब्दाने रडायची. पुढे तिने रडणं सोडलं आणि बोलणाऱ्याच्या घराण्याची चौकशी करायला सुरुवात केली.

लग्न झालं नाही. आई गेल्यावर भवानीपूरचं भाड्याचं घर सुटलं, तेव्हा धाकटा भाऊ उदय न्यू टाउनला नव्या फ्लॅटमध्ये गेला आणि श्यामलाने बराकपूरला दोन खोल्या घेतल्या. सामान हलवताना उदय म्हणाला, "तुला एकटंच राहायचं होतं ना ताई. तू निवडलंस, आता कुरकुर नको."

"निवडलं?" श्यामलाने हातातला डबा खाली ठेवला. "रस्ताभर 'भाड्याने देणे'च्या पाट्या होत्या. आत गेलं की पहिला प्रश्न, सोबत कोण? कुणी नाही म्हटलं की घर कालच गेलेलं असायचं. शेवटी हा एक जिना उरला. समोर काय काय होतं ते न मोजता तू माझी आवड ठरवतोस?"

उदयला तो टोमणा वाटला. दिवाळीपर्यंत त्याने फोन केला नाही. श्यामलाच्या दृष्टीने तो टोमणा नव्हताच, तिचा विषय होता.

वर्गात ती हा विषय शिंगाड्यापासून सुरू करायची. कोलकात्यात शिंगाडा म्हणजे आपला सामोसा. "तुम्ही सगळे रोज कॅन्टीनमध्ये शिंगाडाच खाता. म्हणजे तुम्हाला तोच सगळ्यांत जास्त आवडतो?" पोरं हो म्हणायची. "साफ चूक. तुम्ही पोचता तेव्हा तिथे दुसरं काही शिल्लक असतं का, ते आधी बघा. जनावराचंही तसंच. ते कुठे दिसलं हे कुणीही सांगेल. त्याला कुठे कुठे जाता आलं असतं हे आधी मोजावं लागतं. मग कळतं त्याने काय निवडलं आणि काय टाळलं."

एका वर्षी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सकाळी लवकर गेलं तर घुगनी असते, वाटाण्याची. पण तेव्हा आम्हाला तुमचा तास असतो."

वर्ग हसला. श्यामला हसली नाही, पण मनातून खूश झाली. ती रुचा नवाथे. वडील बँकेत, नाशिकहून बदली होऊन आलेले. कॉलेजात मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे तास संपल्यावर दोघी व्हरांड्यात उभ्या राहून बोलायच्या. गौरीच्या दिवशी रुचा श्यामलाच्या दोन खोल्यांत पुरणपोळी खाऊन गेली. श्यामलाच्या आयुष्यात इतकं कुणाशी जमलं नव्हतं, आणि म्हणूनच पुढचं तिला सहन झालं नाही.

शेवटच्या वर्षी रुचाला प्रकल्प होता. नकाशावर संगणक वाटेल तिथे ठिपके टाकतो, त्या प्रत्येक ठिपक्यावर जायचं आणि तिथे काय आहे ते मोजायचं: पाणी किती लांब, गवत किती उंच, भिंत आहे का, कुत्री आहेत का. एका कारखान्यामागे कुत्री अंगावर आली म्हणून रुचा परत फिरली आणि शेजारच्या ठिपक्यांचे आकडे थोडे फिरवून तिथे लिहून मोकळी झाली. श्यामला स्वतः जाऊन बघून आली. भर वर्गात तिने तो कागद वाचला. "रुचा नवाथे यांनी सिमेंटच्या फरशीवर पुरुषभर गवत उगवून दाखवलं आहे. टाळ्या वाजवा."

पोरांनी खरंच टाळ्या वाजवल्या. रुचा जागेवरच बसून राहिली. त्यानंतर ती व्हरांड्यात थांबली नाही, आणि निकाल लागल्यावर निरोप घ्यायलाही आली नाही.

*

बराकपूरच्या पुढे नदीकाठाला चांदघाट जूट मिल होती. ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मिलच्या मागे जुन्या गाळाची दलदल होती आणि तिच्यात होगला माजला होता. होगला म्हणजे आपलं पाणकणीस. त्या पाणकणसात मासेमार मांजर राहायचं. घरच्या मांजराच्या दुप्पट, राखी अंगावर काळे ठिपके, आखूड शेपूट, आणि पाण्यात बोक्यासारखं नाही तर पाणमांजरासारखं उतरणारं. गावातले लोक त्याला बाघरोल म्हणायचे आणि वाघाचं पिल्लू समजून काठ्या घेऊन धावायचे.

श्यामलाने तिथे झाडांना स्वयंचलित कॅमेरे बांधले. प्रत्येक मांजराचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून ती त्यांना ओळखायला लागली. मिलमागे टिपलेली एक मादी बांधापलीकडच्या मत्स्यतळ्यांवर दिसली, पुढे रेल्वे रुळांपलीकडच्या वीटभट्टीपाशीही दिसली. म्हणजे तिचा पल्ला तेवढा होता. तेवढ्या सगळ्या मुलखात श्यामलाने ठिपके टाकले आणि एकेका ठिपक्यावर जायला लागली.

कष्ट होते ते इथेच. मांजर असलेल्या जागी कॅमेरा बांधला की झालं. मांजर नसलेल्या जागी मात्र स्वतः जावं लागतं, आणि अशा जागी माणसं असतात. ठिपका कुणाच्या गोठ्यात पडायचा, कुणाच्या संडासामागे, क्लबच्या कॅरम बोर्डावर. हातात मोजपट्टी घेतलेली बाई दिसली की लोकांना एकच सुचायचं: ही प्रमोटरची माणूस. कोलकात्यात बिल्डरला प्रमोटर म्हणतात, आणि त्याची मोजपट्टी एकदा अंगणात शिरली की अंगण राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

"इथे बाघरोल येतो?" लोक विचारायचे.

"नाही येत."

"मग इथे काय मोजता?"

"नाही येत म्हणूनच मोजते."

यावर कुणी दार लावून घ्यायचं, कुणी शिव्या द्यायचं. एका म्हातारीने तिच्या पायांवर भाताची पेज ओतली. नशिबाने पेज कोमट होती.

पण सगळ्यांत कडवा निघाला निताई मोंडल. बांधापलीकडची तळी त्याने कसायला घेतली होती. बाघरोल त्याचे मासे खायचं, म्हणून बाघरोलावर राग. बाघरोलाची बाजू घेणाऱ्या बाईवर त्याहून जास्त. शिक्षिकेला इथे दिदिमोणि म्हणतात. पहिल्या भेटीतच तो म्हणाला, "दिदिमोणि, तुमच्या मांजराला सांगा, पुन्हा आलं तर कातडं काढून दारावर टांगीन."

"ते संरक्षित जनावर आहे. तू टांग, मी तुला टांगते," श्यामला म्हणाली.

तिचे ठिपके त्याच्या बांधावर पडलेच होते. ती आली की तो कुत्री सोडायचा. ती काठी घेऊन यायला लागली. मग त्याने बांधावर जायचा बांबूचा साकव काढून टाकला आणि तिथे शेवाळलेली एकच फळी ठेवली. श्यामला फळीवरून घसरून कमरेएवढ्या चिखलात पडली, मोजपट्टी बुडाली, मनगट मुरगळलं. निताई काठावर बिडी ओढत उभा होता. त्याने हात दिला नाही आणि तिनेही मागितला नाही. दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून ती गुडघाभर बूट घालून आली, पाण्यातूनच बांधावर चढली आणि राहिलेलं मोजून गेली.

"बर्गी!" निताई मागून ओरडला. "लुटायलाच आलीस!"

"हो, आणि अजून संपलेलं नाही," ती मागे न बघता म्हणाली.

*

मिलची जमीन एका बांधकाम कंपनीने घेतल्याची बातमी आली. नदीकाठी उंच इमारती, मागची दलदल बुजवून बाग आणि वाहनतळ. पर्यावरणाचा अहवाल एका सल्लागार कंपनीने केला होता. जनसुनावणीआधी तो लोकांसाठी ठेवला, तेव्हा श्यामलाने तो तिथेच बसून वाचला. मासेमार मांजराचं प्रकरण तिने दोनदा वाचलं. निष्कर्ष असा: मांजराच्या खुणा जागेत सगळीकडे सारख्या पसरलेल्या आहेत, कुठल्याही भागाला त्याची विशेष पसंती दिसत नाही, सबब दलदल बुजवल्याने फारसा फरक पडणार नाही. खाली नाव होतं, रुचा नवाथे.

सल्लागार कंपनीचं ऑफिस एस्प्लनेडला होतं, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली फुटपाथवर मोजे आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांचा आरडाओरडा. श्यामला जिने चढून गेली ती धापा टाकतच रुचाच्या टेबलासमोर उभी राहिली.

रुचा उठली. अंगावर कॉटनची साडी, गळ्यात ओळखपत्र. "बसा ना मॅडम."

"बसायला आले नाही. तू ठिपके फक्त दलदलीत टाकलेस. चहूकडे पाणकणीसच असेल तर मांजराला त्यात पसंती कशी दिसेल? शिंगाड्याच्या परातीत कुणाला तरी बसवायचं आणि म्हणायचं, याला शिंगाड्याची खास आवड दिसत नाही!"

"कंपनीच्या कुंपणाबाहेर जायची मला परवानगी नव्हती."

"मांजर कुंपणाबाहेर जातं."

रुचाने दार लोटून घेतलं. आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि तुमची हद्द कुणी ठरवली मॅडम? तुम्हीच ना? हद्द मोठी धरली की दलदल लाडकी ठरते, छोटी धरली की सगळं सारखं. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर असतात, हे तुम्हीच वर्गात शिकवलंत."

"मी हद्द मांजराच्या पावलांवरून काढली. तू मालकाच्या तारेवरून काढलीस."

"मला पगार तारेचा मालक देतो. तुम्हाला सरकार देतं, म्हणून तुमची पावलं स्वच्छ." रुचाने अहवालाची प्रत श्यामलाकडे सरकवली. "माझे एकूण एक आकडे खरे आहेत यावेळी. प्रत्येक जागेवर स्वतः गेलेय मी. जाऊन बघा आणि वाचा पुन्हा सगळ्यांसमोर. टाळ्या वाजवायला माणसं आणते मी."

श्यामलाने खांद्यावरची पिशवी सावरली. ती म्हणाली, "खरे आकडे घेऊन खोटं बोलणं हे जास्त वाईट," आणि जिना उतरली. खाली येऊन तिला वाटलं, आपण बसायला हवं होतं. पाणी तरी घ्यायला हवं होतं. पण परत वर जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती गर्दीत धक्के देत मेट्रोकडे निघाली.

*

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मांडव भरला होता. पुढच्या रांगांत मिलमधून घरी बसलेले कामगार होते. कंपनीने त्यांच्या मुलांना पहारेकऱ्याच्या आणि माळ्याच्या नोकऱ्या कबूल केल्या होत्या. रुचाने पडद्यावर नकाशा दाखवला, स्वच्छ शब्दांत अहवाल सांगितला आणि खाली बसली. श्यामलाने माइक मागितला.

"मांजराची पसंती नाही म्हणता," ती बंगालीत म्हणाली, "पण कशाच्या तुलनेत? मी रुळांपलीकडेपर्यंत मोजलंय. तुमची घरं, रस्ते, भट्टी, तळी, सगळं. एवढ्या मुलखात मांजर दिवसा लपायला याच पाणकणसात येतं. नकाशावर हिरवं दिसतं ते सगळं त्याला मिळत नाही. लष्कराच्या छावणीची झाडी हिरवी आहे, पण तिला उंच भिंत आहे. कॉलनीचं मैदान हिरवं आहे, पण तिथे पन्नास कुत्री आहेत. ही दलदल बुजवली तर त्याला दुसरीकडे जा म्हणायला दुसरीकडे काही नाही."

"आमच्या पोरांना तरी दुसरीकडे काय आहे?" पुढच्या रांगेतला एक कामगार उठून ओरडला. "त्यांचं कोण मोजणार?"

मांडवात टाळ्या पडल्या. दुसरा म्हणाला, "ही बाहेरची आहे. मराठी आहे."

"माझा जन्म भवानीपूरचा आहे!" श्यामला ओरडली.

"बर्गी!" मागून कुणीतरी हाक दिली आणि सगळा मांडव हसला. कागदाचा एक बोळा तिच्या खांद्याला लागून खाली पडला.

तेवढ्यात मागून निताई मोंडल उठला. श्यामलाने मनात म्हटलं, आता हाही. पण निताईने आधी कंपनीला धुतलं. दलदल बुजली की पावसाचं पाणी कुठे जाणार? त्याच्या तळ्यात. बांध फुटले, मासे वाहून गेले तर भरून कोण देणार? मग तो श्यामलाकडे वळला. "आणि ही दिदिमोणि! हिचं मांजर माझे मासे खातं, ही माझ्याच बांधावर येऊन मलाच दम देते. तुम्ही दोघंही चालते व्हा. मला माझी तळी हवीत, बाघरोल नको आणि बिल्डिंगही नको."

सुनावणी घेणाऱ्या सरकारी समितीचे पांढऱ्या दाढीचे अध्यक्ष हे सगळं शांतपणे लिहून घेत होते. शेवटी त्यांनी सांगितलं की मोजणीची हद्द समितीला पटलेली नाही. पूजेची सुट्टी संपली की समिती स्वतः जागा बघेल, तोवर जागेला हात लावू नये.

मांडवाबाहेर चहावाल्याने श्यामलाला चहा दिला नाही. किटलीतून वाफ येत असताना तो म्हणाला, "संपला."

*

दुर्गापूजेत सप्तमी-अष्टमीला सगळे पोलीस मंडपांच्या गर्दीत असतात, ऑफिसं बंद असतात, कुणी कुणाचा फोन उचलत नाही. अष्टमीच्या सकाळी श्यामला कॅमेरे बघायला मिलमागे गेली आणि बांधावर चढून थबकली. समोर पाणकणीस नव्हतं. नुसता काळा चिखल होता, त्यात जेसीबीच्या चाकांचे खोल चर, आणि कडेला कापलेल्या ओल्या पात्यांचे ढीग. बगळे त्या ढिगांवर उतरून किडे वेचत होते. कॅमेरे झाडांसकट गेले होते. दूरच्या मंडपातून ढाक, पूजेचा मोठा ढोल, वाजत होता.

दोन पहारेकरी धावत आले. "इथे यायला मनाई आहे."

"हे कुणी केलं?"

"साफसफाई आहे. डेंग्यूचे डास होतात. तुम्ही निघा."

श्यामला निघाली नाही. तिने मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा एकाने तिचा हात पिरगळला, तोच मुरगळलेला. तिने दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडावर चिखलाचा गोळा मारला. पोलीस ठाण्यात एकच हवालदार होता, तोही नवा सदरा घालून बसलेला. "मॅडम, पूजा आहे," तो म्हणाला. "गवत कापलं म्हणून अष्टमीला तक्रार घेऊ?" ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि तक्रार लिहून घेईपर्यंत उठली नाही. घरी येऊन तिने दार लावलं, आणि मग मनगट शेकत शेकत रडली. रडतानाही तिचा राग उतरलेला नव्हता.

*

समिती आली तेव्हा चिखल वाळून तडकला होता. कंपनीचा मॅनेजर छत्री धरून अध्यक्षांच्या बरोबर चालत होता. "साहेब, थोडं झुडूप होतं, ते आरोग्यासाठी काढलं. पाणकणीस म्हणतात तसं इथे काही नव्हतंच. मॅडमच्या फोटोंत दिसतं ते पलीकडच्या तळ्यांवरचं असेल."

श्यामला तुटून पडली. तारखा, फोटो, कॅमेऱ्यांच्या जागा, सगळं एका दमात. मॅनेजर हसत राहिला. "त्यांचं आमच्याशी वैर आहे, साहेब. सगळ्या गावाशीच आहे. कुणालाही विचारा."

कुणालाही विचारायची सोय नव्हती, हे श्यामलाला कळत होतं. बांधावर मिलचे कामगार जमले होते आणि तिच्याकडे बघून थुंकत होते.

अध्यक्ष थांबले. ते रुचाकडे वळले. ती कंपनीच्या लोकांमागे, हातात फाइल घेऊन उभी होती. "तुम्ही इथे मोजणी केलीत. इथे पाणकणीस होतं?"

मॅनेजर म्हणाला, "अहवालात आम्ही झुडूप असा…"

"मी त्यांना विचारलं."

रुचाने आधी मॅनेजरकडे पाहिलं. मग एकदाच श्यामलाकडे पाहिलं. त्या नजरेत माया वगैरे काही नव्हतं. "होतं," ती म्हणाली. "माझ्या डोक्याच्या वर होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मॅनेजरने छत्री मिटली. परत जाताना कंपनीच्या गाडीत रुचाला कुणी बसवून घेतलं नाही.

संध्याकाळी बराकपूर स्टेशनवर श्यामलाला ती दिसली. सियालदहला जाणाऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसली होती, फाइल मांडीवर. श्यामला जवळ जाऊन उभी राहिली.

"नोकरी गेली," रुचा म्हणाली. "फोनवरच सांगितलं. आता तरी खूश आहात?"

"मला काय खूश व्हायचंय? जे होतं ते होतं म्हणालीस. ते तुझं कामच होतं. त्याची शाबासकी मागू नकोस."

रुचा हसली, कोरडं. "शाबासकी? तुमच्याकडे? इतकी वर्षं झाली मॅडम, मी अजून एखाद्या खोलीत शिरले की आधी बघते, कुणी टाळ्या तर वाजवणार नाही ना. ती कुत्री अंगावर आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तुम्ही एकदा तरी विचारलंत, चावली का म्हणून?"

श्यामलाने विचारलं नव्हतं. चावली होती का, हे तिला अजूनही माहीत नव्हतं. तिने तोंड उघडलं, पण गाडी फलाटाला लागत होती आणि जे ओठांवर आलं ते हेच होतं, "आकडे नसते लिहिलेस तर विचारलं असतं."

"चावली होती," रुचा म्हणाली आणि डब्यात चढली. गाडी सुटेपर्यंत तिने खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

त्या रात्री श्यामलाने फोन हातात घेऊन रुचाला काहीतरी लिहायचा प्रयत्न केला. 'चूक झाली' एवढंच लिहिलं, मग कुणाची ते कळेना म्हणून पुसलं. दुसऱ्या दिवशी तिने बंगळुरूच्या एका जुन्या ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केला आणि रुचा नवाथे नावाच्या मुलीला काम असेल तर द्या, असं सांगितलं. "मोजणीत पक्की आहे," ती म्हणाली. "स्वभावाचं विचारू नका, माझ्याच हाताखाली शिकलीये." रुचाला ते काम मिळालं. फोन कुणी केला हे तिला कळलं असावं, कारण त्या प्राध्यापकांनी लपवायचं कबूल केलं नव्हतं. तिचा निरोप मात्र कधी आला नाही.

*

समितीने दलदलीचा भाग बांधकामातून वगळायला सांगितलं. कंपनी कोर्टात गेली, आणि कोर्टाने आहे तसं ठेवा म्हणून सगळ्याच कामाला थांबवून ठेवलं. मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. नोकऱ्या आल्या नाहीत, आणि त्याचं खापर श्यामलाच्या डोक्यावर फुटलं. तिच्याकडे काम करणाऱ्या बाईच्या मुलाला तिथे माळ्याची जागा मिळणार होती. ती बाई यायची बंद झाली. जिन्याखालच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने 'बर्गी' लिहिलं. घरमालक म्हणाला पुसून टाकतो, श्यामला म्हणाली राहू दे. उदयने फोनवर विचारलं, "ताई, इकडे ये ना राहायला. कशाला तिथे सगळ्यांशी वैर?" यावेळी ती त्याच्यावर ओरडली नाही. पण गेलीही नाही.

उन्हाळ्यात चिखल दगडासारखा झाला. पाऊस लागला तसं पाणी साचलं, आणि श्रावणात पाण्यातून हिरव्या टोकदार पात्या वर आल्या. जेसीबीने वरचं कापलं होतं. मुळांचं जाळं खाली तसंच होतं. पूजेपर्यंत पाणकणीस माणसाच्या छातीला लागलं. श्यामलाने नवे कॅमेरे बांधले. कोल्हा आला, मुंगूस आलं, गावातली कुत्री आली. मांजर आलं नाही. तिने पुन्हा सगळ्या मुलखात ठिपके टाकले आणि पुन्हा दारोदार शिव्या खात फिरली. कॉलेजात लोक म्हणायला लागले, बाई आता निवृत्त होईपर्यंत नसलेल्या मांजराच्या मागे फिरणार.

पौषातल्या एका सकाळी ती वर्गात शिकवत होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याला ढकलून निताई मोंडल व्हरांड्यातून थेट वर्गात शिरला. अंगावर शाल, पायांना चिखल, हातात वर्तमानपत्राची पुडी. पुडी त्याने टेबलावर आपटली. कागद उलगडला, आत मोठ्या रोहू माशाचं अर्धं धड होतं, डोक्यापासून पोटापर्यंत खाऊन टाकलेलं.

"बघा!" तो ओरडला. "बघा दिदिमोणि! आठवड्यात चार गेले असे. तळ्यातला सगळ्यांत मोठा मासा होता हा. एकटी नाही ती मांजरी, बरोबर पिल्लू आहे, काठावर दोन मापांचे पंजे आहेत. तुमचीच ती भवानी! मी काय करू? विष घालू? बोला ना! एरवी तोंड चालतं, आज का गप्प?"

मागच्या बाकांवरची पोरं उभी राहिली. आता बाई याला फाडून खाणार, असं सगळ्यांना वाटलं. श्यामला माशावर वाकली होती. खाल्लेल्या कडेवरच्या दातांच्या खुणा ती बोटाने चाचपून बघत होती.

"कुठल्या काठावर?" तिने विचारलं.

"सांगत नाही! सांगितलं की तुम्ही याल पट्टी घेऊन!"

"येणारच आहे. विष घातलंस तर तुला तुरुंगात घालीन. जाळी लावून देते तळ्याला, ती मुकाट्याने लावून घे."

"तुमची जाळी नको मला."

"नको असली तरी लावणार."

दोघं व्हरांड्यातून भांडत भांडत फाटकापर्यंत गेली. वर्गातल्या पोरांनी खिडक्यांतून पाहिलं: निताई हातवारे करत पुढे चालला होता आणि श्यामला फळ्याचा खडू तसाच हातात धरून, चप्पल फटफटवत त्याच्या मागे.